जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर गाडी नेताना: वॉशिंग्टन राज्यातल्या फॉरेस्ट रोडबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की सिएटल परिसरातल्या आपल्या मंडळींचे मला फोन सुरू होतात. ट्रेक ठरलेला असतो, डब्यात काय न्यायचं तेही ठरलेलं असतं. पण ट्रेक जिथून सुरू होतो तिथपर्यंतचे शेवटचे आठ-दहा मैल कसे आहेत, हे कोणालाच ठाऊक नसतं. कॅस्केड पर्वतरांगेतल्या या रस्त्यांवर मी चौदा वर्षं गाडी चालवते आहे. त्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं इथे लिहिली आहेत.

फॉरेस्ट रोड म्हणजे जंगलातून जाणारा साधा रस्ताच ना?

नाही, आणि घोटाळ्याची सुरुवात इथेच होते. अमेरिकेची फॉरेस्ट सर्व्हिस १९०५ साली स्थापन झाली. ती कृषी खात्याच्या हाताखाली येते. तिच्या ताब्यातल्या राष्ट्रीय वनांमध्ये साधारण ३ लाख ७० हजार मैलांचे रस्ते आहेत आणि त्यांतले बहुसंख्य तोडलेलं लाकूड खाली आणण्यासाठी बांधले गेले. सहलीला जाणाऱ्या मोटारीचा विचार ते आखताना कोणी केला नव्हता. म्हणून कठडे नाहीत, दिवे नाहीत, मधला पट्टा नाही, बऱ्याच ठिकाणी एकाच गाडीपुरती रुंदी.

देखभालीच्या दृष्टीने या रस्त्यांच्या पाच पातळ्या केलेल्या आहेत. पहिल्या पातळीचा रस्ता गाड्यांना बंद असतो. दुसऱ्या पातळीचा रस्ता जमिनीपासून उंच असलेल्या गाड्यांसाठी असतो. तिसऱ्यावर साधी कार सावकाश जाऊ शकते. चौथी आणि पाचवी त्याहून बरी, पाचवी तर बहुधा डांबरी. तुमच्या ट्रेकचा रस्ता तिसऱ्या पातळीचा आहे की दुसऱ्या, एवढं घरून निघण्यापूर्वी कळलं तरी निम्मी काळजी मिटते.

फाट्यावरच्या पाटीवर नुसता नंबर असतो. तो कसा वाचायचा?

दोन आकडी नंबर म्हणजे मुख्य रस्ता. चार आकडी म्हणजे त्याला फुटलेला फाटा, आणि त्यातले पहिले दोन आकडे मुख्य रस्त्याचे असतात. उदाहरणार्थ, सुयॅटल नदीच्या काठाने जाणारा रस्ता २६, आणि त्याला फुटून ग्रीन माउंटनकडे चढणारा २६८०. त्यापुढे आणखी तीन आकडे जोडलेले दिसले तर ती लहानशी उपशाखा समजायची. ती पुष्कळदा कुठेतरी जंगलात जाऊन नुसती संपते.

नंबराइतकंच पाटीच्या ठेवणीकडे लक्ष द्या. आकडे आडवे, एका ओळीत असतील तर साधी कार जाईल अशी अपेक्षा ठेवता येते. आकडे एकाखाली एक, उभे लिहिलेले असतील तर तो रस्ता साध्या कारसाठी राखलेला नाही. ही खूण माहीत नसल्यामुळे उभ्या पाटीच्या रस्त्यावर शिरलेल्या कितीतरी सेडान मी पाहिल्या आहेत.

आमची सेडान आहे. जाईल का?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. गाडीचं नाव सांगून लोक हो-नाही ऐकायला थांबलेले असतात. पण तोच रस्ता ऑगस्टच्या कोरड्या दुपारी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर हे दोन वेगळे रस्ते असतात, त्यामुळे नुसत्या गाडीवरून उत्तर देता येत नाही.

तरीही सांगायचं तर, गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे याला चारही चाकांना जोर मिळण्यापेक्षा जास्त महत्त्व आहे. ऑल-व्हील ड्राइव्ह असलेली पण बुटकी गाडी खड्ड्याच्या कडेला पोट घासतेच. सेडानमध्ये पाच जण आणि डिकीभर सामान असेल तर ती आणखी दोन-तीन बोटं खाली बसते, हे लोक विसरतात. वाईट टप्प्यावर मागच्या तिघांना उतरवून पुढे चालायला सांगा. फरक लगेच जाणवतो.

वाटेत मोठा दगड आला तर तो दोन चाकांच्या मधे घेऊन ओलांडण्याचा मोह होतो. तसं करू नका. दगड खाली ऑइलच्या टाकीला लागला तर गाडी तिथेच संपली. बाजूने जागा असेल तर बाजूने जा, नसेल आणि दगड बोथट असेल तर चाक हळूच त्याच्यावर चढवा. त्याहून उत्तम म्हणजे उतरून दगड हाताने बाजूला करणं. मागून येणाऱ्याचंही भलं होतं.

कोणत्या महिन्यात जावं?

मध्य जुलै ते सप्टेंबरअखेर. मे महिन्यात सिएटलमध्ये ऊन पडलं की सगळ्यांना डोंगर खुणावतात, पण तेव्हा चार-पाच हजार फुटांवरच्या रस्त्यांवर बर्फ असतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या, झाडीच्या सावलीतल्या वळणांवर तो जुलैपर्यंतही टिकतो. खाली सहा मैल रस्ता स्वच्छ आणि सातव्या मैलावर वळण घेतलं की समोर पन्नास फूट लांबीचा बर्फाचा पट्टा, असं हमखास होतं. त्यावर आधीच्या गाडीच्या चाकोऱ्या दिसतात म्हणून घुसू नका. दुपारी ऊन लागून मऊ पडलेला बर्फ चाकाखाली खचतो आणि गाडी पोटावर बसते.

नोव्हेंबर सर्वांत वाईट. पॅसिफिकवरून येणारे पावसाचे लांबलचक पट्टे दोन-दोन दिवस हटत नाहीत, डोंगरावर पडलेला कोवळा बर्फ त्या उबदार पावसात वितळतो आणि दोन्ही पाणी एकदम खाली येतं.

हे रस्ते इतके खराब का? कर भरतो ना आपण?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग मला समजतो. पण कारण समजून घेतलं तर रस्त्यावरचे धोकेही दिसू लागतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणी वाढली, लाकडाची मागणी वाढली, आणि १९५० ते १९८० च्या दशकांत हे रस्ते भराभर बांधले गेले. डोंगराचा उतार कापायचा आणि निघालेली माती दरीच्या बाजूला ढकलून त्यावरच रस्त्याची बाहेरची कड तयार करायची, ही तेव्हाची नेहमीची पद्धत. त्या भरावात झाडांची खोडं आणि बुंधेही गाडले गेले. लाकूड कुजायला काही दशकं लागतात. ती दशकं आता सरली आहेत. वरून सपाट आणि घट्ट दिसणारी कड आतून पोकळ असू शकते. त्यामुळे समोरच्या गाडीला जागा देताना दरीच्या बाजूच्या अगदी टोकावर चाक नेऊ नका.

दुसरी गोष्ट मोऱ्यांची. ओढ्याचं पाणी रस्त्याखालून जावं म्हणून घातलेले बरेच नळ लहान आहेत आणि जुने झाले आहेत. एखाद्या पावसात फांद्या, पाला आणि दगड येऊन तोंडाशी अडकले की पाणी वरून वाहू लागतं आणि बघता बघता रस्ताच तोडून नेतं. आपल्या घाटांत पावसाळ्यात हेच दिसतं. फरक असा, की घाटात दुसऱ्या दिवशी जेसीबी येतो आणि इथे वर्षं जातात. सुयॅटलचा २६ नंबरचा रस्ता २००३ च्या पुरात तुटला आणि २०१४ साली पुन्हा उघडला. ऑलिंपिक द्वीपकल्पावरचा डोसवॉलिप्स नदीचा रस्ता २००२ साली वाहून गेला. तिथे गाडी खाली ठेवून पुढचे पाच मैलांहून जास्त अंतर लोक चालत जातात.

आणि पैसा. लाकूडतोड जोरात होती तेव्हा रस्त्यांची निगा तिच्यातूनच राखली जायची. १९९० साली जुन्या जंगलांत राहणाऱ्या ठिपकेवाल्या उत्तरी घुबडाला संरक्षण मिळालं, १९९४ साली वायव्य राज्यांच्या राष्ट्रीय वनांसाठी नवी योजना आली आणि जुनी जंगलं तोडणं फारच कमी झालं. ते झालं हे चांगलंच झालं, असं मला मनापासून वाटतं. त्या झाडांखाली उभं राहिल्यावर दुसरं काही वाटूच शकत नाही. पण त्याबरोबर रस्त्यांचा पैसाही आटला, आणि ती उणीव अजून भरलेली नाही. फॉरेस्ट सर्व्हिस काही रस्ते मुद्दाम उकरून जंगलाला परत देते तेही यामुळेच. नदीत गाळ कमी जातो, सामन माशांना अंडी घालायला स्वच्छ खडी मिळते.

खड्डे आणि ती हाडं खिळखिळी करणारी पन्हळ, यांवर किती वेगाने जावं?

पन्हळी पत्र्यासारख्या लाटा उठतात त्या गाड्यांच्या वेगामुळेच. सुट्या खडीवरून चाक ठरावीक वेगाच्या वर गेलं की ते किंचित उडतं, खाली पडताना खडी दाबतं, पुन्हा उडतं, आणि मागून येणारं प्रत्येक चाक तोच नमुना आणखी खोल करत जातं. वेग वाढवला की लाटांच्या माथ्यावरून तरंगत जाता येतं, असं सांगणारे भेटतात. हादरे कमी होतात हे खरं, पण चाकं तेवढा वेळ जमिनीला नीट टेकलेली नसतात, आणि वळणावर ब्रेक दाबला की गाडी सरळ दरीकडे घसरते. ताशी दहा ते पंधरा मैल, याच्या वर नको. म्हणजे दहा मैलांना जवळजवळ एक तास. ट्रेकचं वेळापत्रक आखताना हा तास धरत चला.

पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही. माउंट पिलचकच्या ४२ नंबरच्या रस्त्यावर असे खड्डे ओळीने असतात. ब्रेक खड्ड्यात शिरण्याआधी लावा आणि शिरताना सोडून द्या. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली झुकलेलं असतं, आणि सगळा मार पुढच्या चाकांवर येतो.

उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवू नका. गियर खालचा घ्या. ऑटोमॅटिकमध्ये एल, बऱ्याच हायब्रीड गाड्यांमध्ये बी. घाटात गाडी शिकलेल्यांना हे सांगावं लागत नाही.

समोरून गाडी आली तर मागे कोणी जायचं?

आपल्याकडचाच नियम: चढणाऱ्याला आधी. पण ज्याच्या मागे रुंद जागा जवळ असेल त्याने मागे जाणं हा शहाणपणा, मग तो चढणारा असो वा उतरणारा. गाडी नेताना शेवटची रुंद जागा किती मागे राहिली हे लक्षात ठेवण्याची सवय लावून घ्या.

लाकडाने भरलेल्या ट्रकला मात्र कोणताही नियम न विचारता वाट द्या. हे ट्रक ८० हजार पौंडांपर्यंत, म्हणजे ३६ टनांपर्यंत भरलेले असतात आणि उतारावर पटकन थांबू शकत नाहीत. कामाच्या दिवशी, विशेषतः सकाळी, ते असतात. तोडीचं काम चालू असल्याची पाटी सुरुवातीला दिसली तर खिडकी थोडी उघडी ठेवा, गाणी बंद करा, दिवे लावा आणि वळणावर उजवी बाजू सोडू नका. पुढे धूळ उडत असेल तर कोणीतरी येतं आहे. तुमच्या पुढच्या गाडीची धूळ असेल तर ती खाली बसेपर्यंत अंतर ठेवा.

सुटं चाक आहे ना गाडीत, मग टायरची काय काळजी?

आहे का, ते आज रात्री डिकी उघडून पाहा. मी पाहिलं नव्हतं.

आई-बाबा पुण्याहून आले होते तेव्हाची गोष्ट. ऑगस्ट होता, रस्ता कोरडा होता, आई मागे बसून हकलबेरीची झुडपं दाखवत होती. खडीतल्या एका धारदार दगडाने टायर बाजूने कापला. डिकीत चाक नव्हतं. चाकाच्या जागी एक छोटा पंप आणि भोक बुजवायच्या रसायनाची बाटली होती. तळव्यात खिळा गेला तर ती उपयोगी पडते. बाजूची भिंत कापली असेल तर तिचा काही उपयोग नाही. फोनला रेंज नव्हती. अडीच तासांनी एक शिकारी जोडपं आपल्या पिकअपमधून डोंगर उतरत होतं, त्यांनी आम्हाला गावापर्यंत सोडलं. बाबा तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. त्यांची रक्तदाबाची संध्याकाळची गोळी हॉटेलवर राहिली होती आणि त्या अडीच तासांत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

तेव्हापासून माझ्या गाडीत पूर्ण आकाराचं चाक, चांगला जॅक आणि जॅकखाली ठेवायला एक जाड फळी असते. खडीत जॅक रुततो, म्हणून फळी. गाडीबरोबर येणारं बारीक, तात्पुरतं चाक डांबरावर ताशी ५० मैलांपर्यंत चालतं. कच्च्या रस्त्यावर त्याच्या भरवशावर पुढे जायचं नाही, फक्त खाली यायचं.

मग आई-वडिलांना न्यावं की नाही?

जरूर न्या. त्यांना ते जंगल दाखवायलाच हवं. पण मणक्याचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर दहा मैलांची पन्हळ त्यांना दोन दिवस भोवते. स्नोक्वाल्मी नदीच्या मिडल फोर्कचा, म्हणजे मधल्या शाखेचा, रस्ता एके काळी खड्ड्यांसाठी बदनाम होता, आता त्याचा मोठा भाग डांबरी आहे. नदीकाठ, जुनी झाडं, झुलता पूल, सगळं तिथे आहे. माउंटन लूप हायवेचा डांबरी भागही चांगला. त्या रस्त्यावर बार्लो पासच्या पुढे सुमारे चौदा मैल कच्चे आहेत आणि हिवाळ्यात तो टप्पा बंद असतो.

हार्ट्स पास मात्र विचार करून. ६,१९८ फुटांवरची ती खिंड अप्रतिम आहे. पण १८९० च्या दशकात सोन्याच्या खाणींसाठी खोदलेला तो अरुंद रस्ता एका बाजूने थेट दरीत उघडा आहे. ट्रेलर नेण्यास तिथे मनाईच आहे. उंचीची भीती वाटणारं कोणी गाडीत असेल तर त्यांना आधी विचारा आणि दरीच्या बाजूला बसवू नका.

भाड्याची गाडी चालेल?

करार वाचा. बहुतेक कंपन्या कच्च्या रस्त्यावर गाडी न्यायला मनाई करतात. नेली आणि काही झालं तर विमा उभा राहत नाही आणि सगळा खर्च तुमच्यावर येतो.

इलेक्ट्रिक गाडी?

चालते, उतरताना तर छान चालते. पण बॅटरी पोटाखाली असते, चढावर चार्ज भराभर उतरतो आणि बऱ्याच गाड्यांत सुटं चाक नसतं. शेवटच्या चार्जिंगच्या ठिकाणाहून जाऊन-येऊन लागेल त्याच्या दुप्पट चार्ज घेऊन निघा.

फोनवरचा नकाशा पुरेसा नाही का?

नाही. फोनवरच्या नकाशाला सगळ्या रेषा सारख्याच. वीस वर्षांपूर्वी झाडं उगवून बुजलेला रस्ताही तो जवळची वाट म्हणून दाखवतो. फॉरेस्ट सर्व्हिस प्रत्येक वनासाठी मोटार वापराचा नकाशा मोफत देते. २००५ च्या नियमामुळे ते काढणं सुरू झालं. दिसायला तो साधा काळा-पांढरा, पण कोणत्या रस्त्यावर कोणती गाडी कधी नेणं कायदेशीर आहे हे त्यातच कळतं. घरी असतानाच तो फोनमध्ये उतरवून ठेवा. मात्र रस्ता आज कसा आहे हे त्यात नसतं. त्यासाठी त्या भागाच्या रेंजर स्टेशनला, म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिसच्या स्थानिक कचेरीला, फोन करा. माणसं मनापासून सांगतात. मी तर प्रश्नच असा विचारते: "तुमची स्वतःची छोटी कार तुम्ही उद्या तिथे न्याल का?"

वाटेत झाड पडलं असेल तर?

छोट्या फांद्या ओढून बाजूला करा. खोड असेल तर परत फिरा. दोन दगडांत दाबून बसलेलं खोड कापताना ताण सुटून उसळतं आणि माणसं जबर जखमी होतात. रस्त्यावरून पाणी वाहत असेल आणि तळ दिसत नसेल तर तिथेही पुढे नको. तळच उरलेला नसू शकतो.

अडकलोच तर काय करायचं? चालत खाली यावं का?

गाडीजवळ थांबा. हे मी आग्रहाने सांगते, कारण त्यामागे एक खरी गोष्ट आहे.

२००६ च्या नोव्हेंबरअखेरीस सॅन फ्रान्सिस्कोचं एक कुटुंब, आई-वडील आणि दोन लहान मुली, सिएटलच्या बाजूहून घरी परतत होतं. ओरेगनमध्ये महामार्गावरचं समुद्राकडे जाणारं वळण चुकलं, म्हणून त्यांनी डोंगरावरून जाणारा दुसरा रस्ता धरला. रात्र होती, बर्फ सुरू झाला, आणि एका फाट्यावर ते लाकूडतोडीच्या रस्त्यावर गेले. तिथे त्यांची गाडी अडकली. आठवडाभर ते गाडीत राहिले. ऊब यावी म्हणून त्यांनी टायर जाळले. २ डिसेंबरला वडील मदत शोधायला पायी निघाले. ४ तारखेला हेलिकॉप्टरला आई आणि दोन्ही मुली सापडल्या, तिघी सुखरूप. ६ तारखेला वडिलांचा मृतदेह एका ओढ्यात मिळाला.

त्या माणसाला दोष देणं माझ्या मनातही येत नाही. मुली भुकेल्या असताना कोण बाप बसून राहील? म्हणूनच हे आधी ठरवून ठेवावं लागतं. वरून शोधणाऱ्याला माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

यासाठी निघताना घरी कोणालातरी रस्त्याचा नंबर, ट्रेकचं नाव आणि किती वाजेपर्यंत फोन न आल्यास ९११ या आपत्कालीन नंबरला कळवायचं, हे लिहून द्या. नुसतं "डोंगरात जातोय" पुरत नाही. गाडीत माणशी चार लिटर पाणी, पांघरुणं, बॅटरी, औषधांचा जादा दिवसाचा डोस आणि टिकणारं खाणं असू द्या. माझ्याकडे दशम्या आणि खजूर असतात. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्या. आयफोन १४ पासूनच्या फोनमध्ये ती सोय आहे, पण दाट झाडीखाली ती लंगडी पडते. मोकळं आकाश दिसेल अशा जागी उभं राहावं लागतं.

वणव्याच्या दिवसांत?

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघण्याच्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा चौकशी करा, रस्ते काही तासांत बंद होतात. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. सायलेन्सरच्या उष्णतेने गवत पेटतं. आणि ज्या फाटकापाशी गाडी लावाल ते अडवू नका, अग्निशमनाच्या गाड्या तिथूनच आत जातात.

गाडी तिथे सुरक्षित राहते का?

काचा फोडून चोऱ्या होतात. पाकीट, पासपोर्ट, लॅपटॉप घरी. रिकामी पिशवीसुद्धा सीटवर दिसू देऊ नका.

परत फिरायचं ठरवलं, पण रस्ता अरुंद आहे. गाडी वळवायची कशी?

आधी सगळ्यांना उतरवा. एक जण गाडीच्या मागे, चालकाला आरशात दिसेल असा बाजूला उभा राहू दे. जवळ रुंद जागा असेल तर तिथपर्यंत रिव्हर्सच बरा. तिथे गाडीचं तोंड दरीकडे आणि पाठ डोंगराकडे करून वळवा. ऐकायला उलटं वाटतं. पण तोंड दरीकडे असलं की कड तुम्हाला डोळ्यांनी दिसते, आणि मागे अंदाज चुकला तर बंपर मातीला लागतो, एवढंच. हँडब्रेक तयार ठेवा, पुढे-मागे एक-एक फूटच घ्या. चार वेळा लागो की चौदा, मागची गाडी थांबेल.